धर्मसुधारणेच्या भूमीत प्रवास करताना पाळकाने मनन कसे लिहावे

जर्मनीतील विटेनबर्ग, आइस्लेबेन, आइझेनाख किंवा हाले येथे जाणारा पाळक पर्यटक असतो, तसाच वारसही असतो. पर्यटकाचे पाहण्याने समाधान होते. वारसाला मात्र आपल्या वाट्याला काय आले आहे आणि त्याबरोबर कोणते देणे आले आहे, हे तपासावे लागते. या प्रवासात लिहिलेले मनन परतल्यावर मंडळीच्या उपयोगी पडावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांच्यासाठी पुढील पद्धत सुचवीत आहे. पूर्वजांचा विश्वास आणि पूर्वजांचे पाप या दोन्ही गोष्टी एकाच वहीत आणि सारख्याच प्रामाणिकपणे उतरवाव्यात, हा तिचा गाभा आहे.

निघण्यापूर्वी ठिकाणे कमी करावीत आणि वाचन वाढवावे. धर्मसुधारणेची सुरुवात करणारे जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर यांची, पापक्षमापत्रांच्या विक्रीवर टीका करणारी १५१७ सालची ९५ विधाने तासाभरात वाचून होतात. विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचे असावे, असे त्यांतील पहिलेच विधान सांगते. हे विधान मनात घेऊन गेलेला मनुष्य विटेनबर्गच्या राजवाड्याच्या चर्चसमोर उभा राहतो, तेव्हा त्याला तेथे विजयाच्या स्मारकापेक्षा अधिक काही दिसते.

वहीच्या प्रत्येक पानाचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला जे प्रत्यक्ष आहे ते लिहावे आणि उजव्या बाजूला प्रार्थनेत जे सुचले ते लिहावे. ही शिस्त वरवर कोरडी वाटेल, परंतु ती फार आवश्यक आहे, कारण अशा ठिकाणी भावना लवकर भरून येते आणि वस्तुस्थिती मागे पडते. ज्यावर ही विधाने ठोकली असे सांगतात, ते विटेनबर्गच्या राजवाड्याच्या चर्चचे प्रसिद्ध दार ल्यूथर यांच्या काळातील नाही. जुनी लाकडी दारे १७६० मध्ये युद्धात जळाली आणि विधाने कोरलेली आजची कांस्य दारे १८५८ मध्ये बसवली गेली. विधाने खरोखर दाराला ठोकली गेली होती का, याविषयीही इतिहासकारांत मतभेद आहेत. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ती माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्त यांना पाठवली गेली, हे मात्र निश्चित आहे. आइस्लेबेनमध्ये ल्यूथर यांच्या निधनाचे घर म्हणून जे संग्रहालय दाखवले जाते, ती मूळ वास्तू नव्हे. आइझेनाखजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्यात ल्यूथर यांनी सैतानावर फेकलेल्या शाईच्या डागाची कथा सांगतात, पण तो डाग वेळोवेळी नव्याने रंगवला जात असे. हे सर्व डाव्या बाजूला निःसंकोच लिहावे. त्याच वार्टबुर्गमध्ये १५२१ च्या मे महिन्यापासून पुढील वर्षाच्या मार्चपर्यंत लपून राहिलेल्या ल्यूथर यांनी काही आठवड्यांत संपूर्ण नव्या कराराचे भाषांतर केले आणि ते सप्टेंबर १५२२ मध्ये छापले गेले. ज्या खोलीत हे घडले तिला दंतकथेच्या आधाराची गरज नाही, आणि उपदेशालाही नाही.

विटेनबर्गमध्ये सर्वाधिक वेळ सेंट मेरीच्या नगर-चर्चला द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण ल्यूथर यांनी येथेच सातत्याने उपदेश केला. तेथील चित्रकार क्रानाख यांच्या चित्रशाळेतील वेदीचित्र १५४७ चे, म्हणजे ल्यूथर यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षातील आहे. त्याच्या तळपट्टीत एका बाजूला व्यासपीठावर ल्यूथर, दुसऱ्या बाजूला मंडळी आणि मध्ये वधस्तंभावरील ख्रिस्त असे साधे चित्र आहे. उपदेशकाचा हात ख्रिस्ताकडे आहे आणि मंडळीची दृष्टीही त्याच दिशेला आहे. ज्याला दर रविवारी उपदेश करायचा असतो त्याने या चित्रासमोर कॅमेरा न काढता बसावे, आणि आपल्या मंडळीची दृष्टी आपण कोठे वळवतो हा प्रश्न उजव्या बाजूला लिहावा.

त्यानंतर त्याच चर्चच्या बाहेर, आग्नेय कोपऱ्याकडे अवश्य जावे. तेथे वर भिंतीत, तेराव्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे, डुकरिणीच्या आकृतीतून यहूदी लोकांची हीन विटंबना करणारे शिल्प आहे. त्यावरील लेख नंतर कोरला गेला असून तो ल्यूथर यांच्याच १५४३ च्या यहूदीविरोधी लिखाणावरून घेतलेला आहे. खाली जमिनीत १९८८ मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला, आणि २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने शिल्प काढण्याचा आदेश देण्यास नकार दिला. आत ज्याच्या उपदेशाने आपले मन भरून आले, त्याच मनुष्याचे शब्द बाहेर द्वेषाच्या शिल्पावर आहेत, ही गोष्ट सौम्य करून लिहू नये. तो काळच तसा होता, असे म्हणून पुढे जाणे सोपे असते; परंतु पवित्र शास्त्र आपल्याला तसे करू देत नाही. १०६ वे स्तोत्र देवाची स्तुती करीतच सुरू होते आणि सहाव्या वचनात पूर्वजांबरोबर आम्हीही पाप केले अशी कबुली देते. या जागी उभे राहून ते स्तोत्र पूर्ण वाचावे आणि त्या दिवशी उजव्या बाजूला केवळ कबुलीची प्रार्थना लिहावी.

हाले येथे पाळक फ्रांके यांनी उभारलेल्या अनाथालय आणि शाळांच्या संस्थांना भेट दिल्याशिवाय भारतीय पाळकाने परतू नये. १६९८ पासून उभ्या राहिलेल्या या परिसरातील शिक्षणाचा आणि भक्तीचा संस्कार घेतलेले बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग हे हाइनरिख प्लुत्शाव यांच्यासह जुलै १७०६ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी या डॅनिश वसाहतीत पोहोचले. तेथे त्यांनी तमिळ आत्मसात करून नव्या कराराचे भाषांतर केले. ते डेन्मार्कच्या राजाच्या आज्ञेने आले होते, तरी तेथील डॅनिश अधिकाऱ्यानेच त्यांना काही महिने कैदेत टाकले. म्हणून सुवार्ता आणि वसाहतीची सत्ता यांचे नाते लिहिताना सरसकट विधान टाळावे. हालेच्या संग्रहात तमिळ ताडपत्रे आहेत, आणि तरंगंबाडीहून गेलेली वृत्ते तेथे छापली जात असत. १७३३ मध्ये आरोन या तमिळ सेवकाला तरंगंबाडीतच पाळकपदाची दीक्षा मिळाली. वारसा केवळ तिकडून इकडे आला नाही, हे येथे कागदोपत्री दिसते, आणि ते नोंदवणे आपले कर्तव्य आहे.

रविवार संग्रहालयासाठी ठेवू नये. स्थानिक मंडळीच्या पाळकांना आधी पत्र पाठवून उपासनेला जावे, प्रभुभोजनात सहभागाविषयी अगोदर विचारावे, फलकावरील गीतांचे क्रमांक पाहून पुस्तक उघडावे आणि प्रभूची प्रार्थना आपल्या भाषेत हळू आवाजात म्हणावी. उपस्थिती थोडी दिसल्यास घाईने निष्कर्ष काढू नये. पूर्व जर्मनीच्या साम्यवादी राजवटीत, १९४९ ते १९९० या काळात, उघडपणे विश्वास धरणाऱ्यांना शिक्षणात आणि नोकरीत किंमत मोजावी लागली. लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून सोमवारच्या शांतिप्रार्थना चालू होत्या, आणि ९ ऑक्टोबर १९८९ रोजी त्या प्रार्थनेनंतर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन त्या राजवटीविरुद्ध शांततेने रस्त्यावर उतरले. उपासनेनंतर भेटणाऱ्या वृद्ध सभासदांना त्या दिवसांविषयी विचारावे आणि ते सांगतील तेवढेच ऐकावे.

दररोजच्या लेखनासाठी जर्मनीतील हेर्नहुट गावच्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीची दैनिक वचने उपयोगी पडतात. ती १७३१ पासून दरवर्षी छापली जात आहेत. सकाळी दिवसाचे वचन वाचावे आणि रात्री त्याच वचनाच्या प्रकाशात वहीची उजवी बाजू पूर्ण करावी.

परतल्यावर लगेच उपदेश करू नये. काही आठवडे वही बंद ठेवून मग ती एका बैठकीत वाचावी. एका उपदेशात एकच ठिकाण आणि एकच शास्त्रभाग घ्यावा. विटेनबर्गच्या शिल्पाचे चित्र उपासनेत दाखवू नये. त्याविषयी शब्दांत सांगून मंडळीला १०६ व्या स्तोत्रातील कबुलीच्या प्रार्थनेत घेऊन जावे. ज्या मंडळीने रविवारी आपले स्वागत केले, तिच्या पाळकांना त्या उपदेशाचा आशय पत्राने कळवावा आणि आपल्या उपासनेत त्यांच्यासाठी कोणती प्रार्थना करावी, हे त्यांनाच विचारावे.