शालूवर डाग पडला तर आधी हात मागे घ्या

आमची लाँड्री सांगलीत, गावभागात. सासरे कृष्णेच्या घाटावर कपडे धूत, नवऱ्याने दुकान टाकलं आणि गेली २६ वर्षं काउंटरवर मी बसते. मे संपत आला की पिशव्या यायला लागतात. पिशवीत शालू, शालूच्या घडीत अक्षतांचे दाणे, कधी सुकून कडक झालेलं गजऱ्यातलं फूल, आणि पिशवी धरणारी बाई आधी डाग दाखवायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडे बघते. "वहिनी, निघंल का ओ?"

डाग निघतो का नाही हे पहिल्या दहा मिनिटांत ठरतं, आणि त्या दहा मिनिटांत मी तिथे नसते. म्हणून हे लिहायला घेतलं.

कार्यालयात काय घडतं ते सांगते. घास भरवताना जिलेबीचा पाक नवरीच्या मांडीवर पडतो. आत्या धावते, ताटाशेजारचा लाल फुलांचा कागदी नॅपकिन उचलते, ग्लासात बुडवते आणि जोर लावून पुसते. रुपयाएवढा पाक तळहाताएवढा होतो. नॅपकिनचा लाल रंग शालूला लागतो. आणि जिथे घासलं तिथे रेशीम पांढुरकं, पिंजल्यासारखं दिसायला लागतं. पाक मी काढीन. नॅपकिनचा रंगही बहुतेक वेळा जातो. पिंजलेलं रेशीम मात्र कुणाच्या बापाला नीट करता येत नाही. रेशीम ओलं झालं की कोरड्यापेक्षा कच्चं होतं, त्याच वेळी आपण त्यावर ताकद काढतो.

तेव्हा आत्याबाईंना प्रेमाने खुर्चीवर बसवा. कापडाच्या खाली एक आणि वर एक असा पांढरा सुती तुकडा धरा आणि बोटाने नुसतं दाबा. वरचा तुकडा जितकं टिपेल तितकं टिपू द्या, कोरडी जागा पुढे घ्या, पुन्हा दाबा. घट्ट काही असेल, म्हणजे बासुंदी, श्रीखंड, तर आधी चमच्याच्या कडेने उचला, बाहेरून आत. आतून बाहेर गेलात की डाग पसरलाच.

करवलीच्या पर्समध्ये लिपस्टिकसोबत हे पण टाका: जुन्या पंच्याचे किंवा मलमलचे पाच-सहा पांढरे तुकडे, शंखजिऱ्याची किंवा साध्या टाल्कम पावडरची छोटी डबी, चिकटपट्टीचं रीळ, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, स्टीलच्या पिना, सुई-दोरा. ओले सुवासिक टिश्यू नकोत. त्यात काय काय असतं आणि शालूचा रंग किती पक्का, हे मांडवात तपासायला कुणाला वेळ आहे?

आता पाक, सरबत, कोल्ड्रिंक. साखरेचा डाग फसवा. वाळला की दिसतच नाही. घरी आल्यावर "गेला बाई" म्हणून शालू कपाटात जातो, आणि काही महिन्यांनी तिथे तपकिरी ठिपका उगवतो. इस्त्री फिरवली तर त्याच क्षणी उगवतो. साखर करपते, दुसरं काही नाही. ड्रायक्लीनचं द्रावण तेलकट मळ छान नेतं, पण साखर विरघळते पाण्यात. म्हणजे तुम्ही सांगितलं नाहीत तर ती ड्रायक्लीनमधून जशीच्या तशी बाहेर येते.

हे मी फटका खाऊन शिकले. एक बाई शालू घेऊन आल्या. निऱ्यांवर हलकी कड दिसत होती. विचारलं, तर म्हणाल्या, "नुसतं पाणी पडलंय ओ." मीही घाईत होते, पाठीमागे रांग. ड्रायक्लीन झालं, प्रेसला गेला, आणि इस्त्रीखाली वीतभर तपकिरी ओघळ उमटला. कोकम सरबत होतं. पाव्हण्यांच्या हातून सांडलेलं, म्हणून सांगायला संकोच. त्या खोटं बोलल्या हे खरं, पण बोटाने चाचपलं असतं तर ती जागा कडक लागली असती, आणि मी चाचपलं नाही. धुलाईचे पैसे घेतले नाहीत. शालू पूर्ण काही सुधारला नाही. तेव्हापासून प्रत्येक शालू उजेडात धरून हात फिरवते, मग पावती फाडते.

घरी साखरेवर करायचं एवढंच. आधी रंग पक्का आहे का बघा: कमरेत खोचतो त्या आतल्या टोकाला ओला पांढरा तुकडा अर्धा मिनिट दाबून धरा. रंग लागला तर पुढे काही करू नका, घेऊन या. नाही लागला तर गार पाण्यात पिळलेल्या तुकड्याने डाग टिपा, आणि शेवटी कडेचा ओलावा कोरड्या तुकड्याने बाहेरच्या बाजूला विरळ करत न्या, पंख्याखाली वाळवा. कड विरळ केली नाही तर पाण्याचं वर्तुळ राहतं. रेशमावर पाण्याचा सुद्धा डाग पडतो हे बऱ्याच जणींना पटत नाही.

तुपाला मात्र पाणी दाखवायचं नाही. लाजाहोमाच्या वेळचं तूप, मसालेभातावरचं तूप, गजऱ्याखालून उतरलेलं केसांचं तेल, सगळ्याला एकच इलाज. टिपून घ्या, वर शंखजिरं जाड भुरभुरा आणि हात लावू नका. अर्ध्या तासाने बघितलंत तर पांढरी भुकटी ओलसर, पिवळट आणि गोळाबंद झालेली दिसेल. ती झटका, पुन्हा घाला, रात्रभर ठेवा. सकाळी मऊ ब्रशने झाडा. थोडी सावली उरली तर ती आम्ही काढतो.

हळदीवर जरा सविस्तर बोलते, कारण सांगलीत राहून हळदीवर नाही बोलायचं तर कशावर. आपल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजार समितीत हंगामात नुसतं फिरून आलात तरी सदऱ्याची कॉलर पिवळी होते. हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाण्याने ती फक्त पसरते. साबण लावला की डाग लाल होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नका. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तीच ही करामत. चुना काय, साबण काय, क्षार जातीचेच, आंबटाच्या उलट. हळदीला लागले की ती लाल होते. पाण्याने साबण पुरता काढला, गरज पडली तर वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून टिपलं, की पुन्हा पिवळी होते. हे सुती कापडाचं सांगतेय. जरीच्या काठाला आंबट लावू नका, तांब्यावरची जरी असेल तर हिरवी-काळी पडते.

हळदीचा खरा शत्रू ऊन. हळदी समारंभाची सुती साडी असेल, तर सौम्य साबणात धुऊन, साबण पुरता काढून, ओलीच उन्हात टाका. दोन-तीन दिवसांत पिवळेपणा आपोआप उडतो, घासायला लागत नाही. शालूला हा उपाय चालत नाही, कारण ऊन हळदीबरोबर शालूचाही रंग खातं. रेशमावरची हळद आम्ही स्पिरिटने टिपून काढतो, आणि तेही आतल्या टोकावर आधी लावून बघून. घरी करू नका.

अक्षतांचं कुणाच्या लक्षात येत नाही. सकाळी घाईत कुंकू कालवून तांदूळ ओले ठेवले, की मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या खांद्यावर लाल ठिपक्यांची रांगोळी. अक्षता आदल्या दिवशी करा, ताटात पसरून खडखडीत वाळवा. सुकं कुंकू, पिंजर पडली तर फुंकर मारा, झटका. ओला हात लावलात की संपलं. लिलीच्या फुलांचे परागही तसेच. हाताने न झाडता चिकटपट्टीने उचला. हारवाल्याला सांगून पराग आधीच तोडून घेता आले तर उत्तमच.

मेंदीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. मेंदी कातडीवर आणि केसांवर चढते तशीच रेशमावर चढते, कारण रेशीमही त्याच जातीचं, प्राण्यापासून आलेलं. ओला ठिपका पडला तर लगेच उचला, पुसू नका. चढलेला रंग निघणं कठीण. मेंदीच्या रात्री जुनी सुती साडी नेसा, आणि हाताला लावलेलं निलगिरीचं तेल शालूला हात लावायच्या आधी पुसा.

पिन टोचून रक्त आलं तर गार पाणी, कोमट सुद्धा नाही. गरम पाण्याने रक्त पक्कं बसतं. आमच्या शेजारचे टेलर दोऱ्याचा बोळा तोंडात ओला करतात आणि ठिपक्यावर दाबतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण लहान ठिपक्याला ते लागू पडतं. लिपस्टिक असेल तर काही न करता घेऊन या. आणि कपडे धुवायचं क्लोरीनचं ब्लीच शालूच्या आसपास फिरकू देऊ नका. रेशीम पिवळं पडतं आणि पुढे विरघळतंच.

नवरदेवाकडेही कुणी बघावं. एप्रिल-मेच्या उन्हात घाम येतो, फेट्याचा रंग उतरतो आणि क्रीम शेरवानीची कॉलर गुलाबी. ओल्या पांढऱ्या कापडाने फेटा आदल्या दिवशी तपासा, आत सुती पट्टी घाला. मिरजेच्या एका मुलीचा चर्चमधल्या लग्नाचा पांढरा गाऊन आमच्याकडे येऊन गेला, त्याचा घेर खाली धुळीने आणि गवताने माखलेला. तिथे माती पूर्ण वाळू दिली, झाडली, मगच ओलं केलं. गाऊन, घागऱ्याला खडे चिकटवलेले असतील तर दुकानात आधी सांगा; ड्रायक्लीनमध्ये गोंद सुटतो आणि मग खडे मोजत बसायची वेळ येते.

लग्न झालं की शालू लगेच घडी करून ठेवायचा नाही, कितीही दमला असाल तरी. सगळ्या पिना काढा. राहिलेली एक पिन पावसाळ्यात गंजते आणि तिचा डाग चार पदरांतून आरपार जातो. शालू उलटा करून रात्रभर घरातच, पंख्याखाली, रुंद दांडीवर पसरा. ब्लाऊजची काख सगळ्यात आधी जाते, म्हणून ब्लाऊज वेगळा आणि लवकर धुवायला टाका. अत्तर, स्प्रे नेसायच्या आधी मारायचा, आणि काठावर कधीच नाही.

ठेवताना मलमल किंवा जुनं धुतलेलं धोतर. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल आत कोंडते. डांबरगोळ्या घालायच्याच तर पुरचुंडीत, जरीला न टेकवता. मी तर वेखंडाचे तुकडे ठेवते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर त्याच रेषेवर जरी तुटते. रोल पॉलिश, म्हणजे खळ लावून साडी रुळावर ताणून कडक करणं, हे वर्षाला करायचं व्रत नाही. खळ चढवली की कसर येते. नेसायचा असेल तेव्हाच करा.

माझा स्वतःचा शालू विचाराल तर तो २०१९ च्या पुरात गेला होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर, आमची खालची खोली भरलेली, ट्रंक आत. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर शालू, सासूबाईंची इरकल आणि एक पैठणी चिखलात एकमेकींना चिकटलेल्या. चिखल वाळू दिला नाही, हेच काय ते शहाणपण. गाऊनवरची माती वेगळी, ती वरवरची होती. इथे सूत न् सूत भिजलेलं, वाळलं असतं तर गाळ घट्ट बसला असता आणि बुरशी आली असती. टँकरच्या स्वच्छ पाण्यात एकेक साडी वेगळी, न पिळता, दहा-बारा वेळा बुचकळली. चादरीवर आडव्या करून सावलीत वाळवल्या. इरकलीचा लाल माझ्या शालूच्या पदरावर उतरलाय, तो आहे तसा आहे. भाचीच्या लग्नात तो पदर आत घेऊन नेसले.

शेवटचं काम तुमचं. डागाजवळ दोऱ्याने एक चिठ्ठी टाचा. पेन्सिलीने लिहा, जेल पेनने लिहिलंत तर मला आणखी एक डाग. काय सांडलं, कधी सांडलं, त्यावर काय लावलं, एवढं पुरे. गेल्या महिन्यात एक पोरगी शालू ठेवून गेली, त्याला टाचलेली चिठ्ठी अशी: "बासुंदी. रविवारी दुपारी. सासूबाईंनी साबण लावला, मी लावला नाही. त्या घ्यायला आल्या तर चिठ्ठी काढून ठेवा."

काढून ठेवली. डाग गेला.