थरच्या वाळवंटात पिकअप नेताना या चुका टाळा

इसुझू व्ही-क्रॉस असो की टोयोटा हायलक्स, जैसलमेरच्या वाळूसाठी गाडी तयार करायला निघालेले बहुतेक जण पैसे उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी लोखंडी बंपर, छतावर कॅरिअर, दिव्यांची पट्टी. कंप्रेसर आणि हवेचा गेज उरलेल्या पैशांतून. जैसलमेरजवळच्या सम गावच्या पहिल्याच भुसभुशीत चढावर गाडी पोटावर बसते ती याच हिशेबामुळे. दोन आकडे आधी पक्के हवेत: भरलेल्या गाडीचं वजन आणि टायरमधली हवा.

हौदा आहे म्हणून भरत जाणं

पिकअप रिकामी असतानाच दोन टनांच्या आसपास असते. स्टीलचा मागचा बंपर, विंच, हौद्यावरची कॅनॉपी, छतावरचा तंबू, ६० लिटर पाणी आणि डिझेलचे दोन कॅन म्हटले की तीनशे किलो सहज वाढतात, आणि माणसं अजून बसलेली नसतात. सामान भरून वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची, अशी तीन वजनं घ्या आणि कंपनीने दिलेल्या कमाल आकड्यांशी ताडून पाहा. काट्याच्या पावतीएवढ्या पैशांत याहून उपयोगी माहिती मिळत नाही.

वजन किती यासोबत ते कुठे आहे हेही बघावं लागतं. पाण्याची टाकी आणि फ्रीज सोयीसाठी हौद्याच्या दाराशी ठेवले, की सगळा भार मागच्या ॲक्सलच्या मागे लोंबतो. त्यात मागचा भाग खाली बसतो म्हणून कमानींच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) वर हवेने फुगणारी एअरबॅग लावली, तर पाट्यांच्या दोन टोकांवर वाटला जाणारा भार चॅसीवर एकाच ठिकाणी येतो. खड्ड्यात जोरात आपटल्यावर चॅसी केबिनच्या मागे वाकते ती या जोडीमुळे. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट बघत जा. ती खाली बोटभर आणि वर दोन बोटं दिसू लागली, तर चॅसी वाकली आहे का हे मापून बघणाऱ्या टेबलावर गाडी न्यायची वेळ झाली. जड वस्तू केबिनला टेकवून, तळाशी, पट्ट्याने बांधून ठेवा.

कमानींचंही तेच. नेहमी रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला तीनशे किलोच्या हिशेबाचे पाटे घातले, तर मागचा भाग चढावर उड्या मारतो आणि चाकं पकड सोडतात. नव्या पाट्यांचे यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. पुढची उंची ५० मिलिमीटरपेक्षा जास्त वाढवू नका. त्यापुढे ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचे कोन वाढतात, रबरी बूट फाटतात आणि आत वाळू गेली की सांधा फार दिवस टिकत नाही.

समोरचा लोखंडी बुलबार तर नकोच. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार देऊन राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे.

हवा कमी करायला मन न होणं

वाळूत गाडी रुतण्याचं हे सर्वांत साधं कारण. रस्त्यावरच्या ३२-३५ पीएसआयवर टायर वाळू कापत खाली जातो. हवा काढली की त्याचा जमिनीला टेकलेला भाग मुख्यतः लांबीला वाढतो आणि गाडी वर राहते. म्हणून वाळू सुरू होण्याआधीच १८ करा. भरलेल्या हौद्याखाली मागे दोन जास्त ठेवलेले चालतात. इंजिनवर ताण जाणवला, गिअर खाली येऊ लागले, तर १५. रुतल्यावर बाहेर पडण्यापुरते १२. त्याखाली गेलात तर जरा तिरकं वळण घेतलं तरी टायर रिमवरून सुटू शकतो. कमी हवेवर वेग ताशी ३०-४० च्या आत ठेवा, वळणं मोठी घ्या.

टायर रिमवरून सुटला तर जॅक रुंद फळीवर ठेवून चाक उचला. रिमच्या कडेत बसलेली वाळू पूर्ण पुसा, नाहीतर हवा झिरपत राहते. व्हॉल्व्हचा गाभा काढा म्हणजे कंप्रेसरची हवा जोराने आत जाते. तरीही कड बसली नाही तर टायरच्या परिघावर रॅचेट पट्टा आवळून पुन्हा हवा भरा. बसतानाचा आवाज आला की पट्टा लगेच सोडायचा.

कंप्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालवणं ही नेहमीची चूक. तिथला फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा. मोठा कंप्रेसर त्याच्या दुप्पट खेचतो. चिमटे थेट बॅटरीला, इंजिन चालू. दोन टायर भरून झाले की त्याला थंड होऊ द्या.

खोल नक्षीचे चिखलाचे टायर इथे उपयोगाचे नाहीत, ते फिरले की खड्डा खणतात. ऑल-टेरेन पुरेत. पण जाड बगल बघून घ्या, कारण धोऱ्यांमधल्या (वाळूच्या टेकड्यांमधल्या) सपाट भागात वेडी बाभूळ सगळीकडे आहे आणि तिचे काटे बगलेतून आरपार जातात. बगलेला लावलेली पंक्चरची वात गावापर्यंत पोचण्यापुरतीच.

चालवताना

फोर-व्हील वाळूत शिरण्याआधी लावा, चाकं फिरायला लागल्यावर नाही. बहुतेक वाळू फोर-एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचे गिअर) निघते. मऊ, लांब चढ आणि उतार यांसाठी फोर-एल (चारही चाकं, जास्त ओढीचे हळू गिअर), आणि ते थांबून, न्यूट्रलमध्ये टाकायचं. गाडी घसरली की इंजिनची ताकद कापणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आधी बंद करा, नाहीतर चढाच्या मधोमध एक्सलेटर दाबूनही काही होत नाही. परत डांबरावर आलात की फोर-व्हील काढा. ते निघत नसेल, स्टिअरिंग जड लागत असेल, तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये पीळ बसला आहे: सरळ रेषेत काही मीटर रिव्हर्स घ्या, सुटतो.

थांबायचं असेल तर ब्रेक मारू नका, चाकांसमोर वाळूचा बांध तयार होतो. पाय काढा आणि गाडीला स्वतः थांबू द्या, तेही तोंड उताराकडे असताना. धोऱ्यावर चढताना आणि उतरताना रेघ सरळ हवी. अर्ध्यात गाडी थबकली तर वळवू नका, त्याच चाकोरीतून सरळ मागे या. दुपारी वाळू जास्त सैल असते. सकाळी लवकर तोच धोरा सोपा जातो.

राष्ट्रीय मरू उद्यानाची हद्द आणि सीमेलगतचा पट्टा इथे परवानगीशिवाय रस्ता सोडू नका. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. ते चाकाखाली आलेलं कळतही नाही.

रुतल्यावर

सर्वांत महाग चूक म्हणजे अजून एकदा एक्सलेटर. चाक जागच्या जागी दोन फेरे फिरलं की पाय काढा. उतरून बघा: डिफरन्शिअलचा गोळा (ॲक्सलच्या मधला फुगीर भाग) किंवा चॅसी वाळूला टेकली आहे का? टेकली असेल तर आधी तिथली वाळू फावड्याने काढायची, मग निघायच्या बाजूची चारही चाकांजवळची, उतार करून. हवा १२ वर आणा. ट्रॅक (पकडीसाठी चाकाखाली घालायच्या खाचांच्या पट्ट्या) चाकाखाली घट्ट सरकवा आणि ज्या बाजूने आलात त्याच बाजूला निघा. क्लच अर्धा दाबून पुढे-मागे झुलवत बसलात तर प्लेट जळते. वास आला की पंधरा मिनिटं थांबा.

टोचन लावताना साखळी किंवा बाजारातला साधा दोर नको. ताणला जाणारा कायनेटिक दोर घ्या, त्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दोन-तीन पट. शॅकल (दोर अडकवायचं लोखंडी कडं) ४.७५ टनाचा. दोर चॅसीला बोल्ट केलेल्या हुकाला बांधा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही नाही: तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा मागच्या काचेतून आत येतो. ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी दिलेलं पुढचं बारीक कडंही ओढण्यासाठी नसतं. माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट दूर.

धूळ आणि ताप

एअर फिल्टर किती काळा आहे यापेक्षा त्याच्या पलीकडे काय पोचलं हे महत्त्वाचं. फिल्टर काढून टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या आत पांढरं कापड फिरवा. बारीक पिवळसर पूड लागली तर फिल्टरचा रबर नीट बसलेला नाही किंवा नळीचा क्लॅम्प सैल आहे, आणि ती पूड टर्बोची पाती व सिलिंडर घासते आहे. स्नॉर्केल (इंजिनची हवा छताच्या उंचीवरून ओढणारी नळी) लावणाऱ्यांच्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण फेंडरमधला जोड सीलंटशिवाय राहतो. कागदी फिल्टर स्वच्छ बाजूने, कमी दाबाने फुंका, धुऊ नका. सोबत एक नवा ठेवा. तेल लावायच्या कापडी फिल्टरचं तेल हवेच्या सेन्सरवर बसून गाडी ओढ सोडते. आणि पुढच्या गाडीच्या धुळीत चिकटून चालू नका.

तापमानाचा काटा वाळूत चढतो पण हायवेवर ठीक राहतो, तर संशय पंख्यावर किंवा त्याच्या कपलिंगवर घ्या. हायवेवरही चढतो, तर रेडिएटरची जाळी किंवा कूलंट. भुरटाच्या आणि सेवण गवताच्या बिया एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत अडकतात, समोरून दिसत नाहीत. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, प्रेशर वॉशर लांबून. जवळून मारलं तर पाती दुमडतात. वाटेत ताप वाढला तर एसी बंद करा, तोंड वाऱ्याकडे वळवा आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवा. लगेच बंद केलं तर पाणी फिरायचं थांबतं.

बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापतो. त्या वेळी सुक्या सेवणावर गाडी उभी केली तर आग लागू शकते. थांबण्याआधी उघडी वाळू शोधा आणि खाली अडकलेलं गवत रोज हाताने काढा.

परतल्यावर

खालून धुऊन घ्या आणि प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना निपलमधून ग्रीस मारा. जुनं, वाळूमिश्रित ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. मागे ड्रम ब्रेक असतील तर ड्रम उघडून वाळू झाडा, नाहीतर लायनरसोबत ड्रमही खरवडला जातो. चाकाचे नट टॉर्क पान्याने तपासा. डिफरन्शिअलचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारं छोटं तोंड) बोटाने हलवून मोकळा आहे ना ते बघा. तो वाळूने बुजला की आतला दाब ॲक्सलचं सील ढकलतो आणि तेल ब्रेकवर येतं. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, विशेषतः वाटेत ड्रममधलं डिझेल घेतलं असेल तर.