छताला गुण द्यायला उतरण्यापूर्वी

चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत छताचा आरएमआर (रॉक मास रेटिंग, म्हणजे छताच्या खडकाला शंभरपैकी दिलेले गुण) काढायला पहिल्यांदाच उतरणार असाल, तर मोबाइल आणि काडेपेटी वरच ठेवा. फोटो मिळणार नाहीत, तेव्हा दिसेल ते वहीत रेखाटायचं. पेन्सिली दोन घ्या. ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते. टेप, होकायंत्र, हातोडा आणि खाणीचा ताजा नकाशा हवाच.

धनबादच्या सीएमआरआय या खाण संशोधन संस्थेने बसवलेल्या पद्धतीतले गुण आधीच तोंडपाठ करा: थरांची जाडी 30, स्लिपा (खडकातले गुळगुळीत, घसरते सांधे) आणि भेगा 25, ओल लागल्यावर खडकाचा टिकाऊपणा 20, ताकद 15, पाणी 10. नवखे लोक ताकदीच्या मागे लागतात. गोंडवनाच्या कोळशाच्या थरांत खरा दगा देतो तो पातळ शेल, म्हणजे मातीचा पापुद्र्यापापुद्र्यांचा खडक. पावसाळ्यात वरची दमट हवा खाली थंड होऊन छतावर दव धरते आणि कालपर्यंत टणक वाटलेला शेल पापुद्रे टाकू लागतो. म्हणून टिकाऊपणाच्या चाचणीचे नमुने जागेवरच जाड पिशवीत बंद करा.

हिशेब छताच्या वरच्या दोन मीटरचा असतो, डोळ्यांना मात्र खालचा पापुद्राच दिसतो. त्यामुळे छतातले कोर (भोक पाडून काढलेले खडकाचे दंडगोल) मिळतात का, जुनी पडझड कुठे झाली आहे, हे आदल्या दिवशीच ओव्हरमनला (पाळीच्या पर्यवेक्षकाला) विचारून ठेवा. पडझड बघायची ती आधार दिलेल्या छताखाली उभं राहूनच. कुठेही थांबण्याआधी सरदाराला (त्या भागाची सुरक्षा बघणाऱ्याला) छत ठोकून बघू द्या. टणटण वाजलं तर वही उघडा, भद्द वाजलं तर मागे फिरा. तिथे घाई दाखवून कुणाचंही भलं होत नाही.

गुण देताना हात सैल सोडू नका. 4.8 मीटर रुंद गॅलरी (खाणीतला बोगदा) आणि घनमीटरला 2.2 टन खडक धरला, तर गॅलरीच्या सूत्राने आरएमआर 50 ला छताचा भार चौरस मीटरला साधारण 3.7 टन येतो. 40 ला तोच 5.7 टन. दहा गुणांच्या उदारपणामुळे दर चौरस मीटरला दोन टनांचे बोल्ट (छताला आधार देणाऱ्या सळ्या) कमी पडतील.

फेस (कोळसा काढायची भिंत) सॉलिड ब्लास्टिंगचा, म्हणजे आधी खाच न कापता थेट सुरुंग लावलेला असेल, तर त्यासाठीची गुणांतली कपात विसरू नका. जंक्शनसाठी वेगळं पान ठेवा: दोन 4.8 मीटरच्या गॅलऱ्या काटकोनात छेदतात तिथे कर्ण जवळपास 6.8 मीटर भरतो, आणि गॅलरीचं सूत्र तिथे लागू होत नाही.