तांबड्या मातीत, काळ्या रानात: ॲल्युमिनियमची सायक्लोक्रॉस सायकल

बेळगावातून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की जांभ्याची तांबडी माती सुरू होते. बैलहोंगल-सौंदत्तीकडे किंवा चिकोडीकडे गेलं की काळी जमीन. सायक्लोक्रॉस सायकल, म्हणजे रेसिंग सायकलसारखं वाकडं हँडल पण चिखल-मातीसाठी जाड टायर असलेली सायकल, दोन्हीकडे चालते, पण बिघडते वेगवेगळ्या तऱ्हेने. तांबडी माती घासून घासून खाते, काळी माती अडकून मोडते. सायकल घेताना, टायर निवडताना, धुताना हा फरक लक्षात ठेवला की निम्मा खर्च वाचतो.

घेताना रंग आणि वजन नंतर बघा, आधी ६ मिमीची ॲलन की घ्या. टायर आणि मागच्या चेनस्टेच्या (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्या) मधल्या फटीत ती दोन्ही बाजूंनी सहज जायला हवी, फोर्कला म्हणजे पुढच्या चिमट्यालाही तसंच. आंतरराष्ट्रीय शर्यतींत टायर ३३ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, म्हणून काही फ्रेम तेवढ्याच मापाच्या असतात. आपल्याला शर्यतीचा नियम लागू नाही. ३५ ते ३८ मिमीचा टायर बसून वर फट उरेल अशीच फ्रेम घ्या. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पॅडलच्या आसाचं बेअरिंग, आट्याचं असलेलं बरं. दाबून बसवलेल्या प्रकारात गाळ शिरला की पॅडल मारताना कुरकुर सुरू होते आणि ते काढायला वेगळी हत्यारं लागतात. आट्याच्या नेहमीच्या बीएसए प्रकारात चेनकडचा कप उलट्या आट्याचा असतो. हे माहीत नसल्याने जोर लावून फ्रेमचे आटे घालवलेल्या सायकली कमी नाहीत.

सायकलीसोबत दोन जादा डिरेलर हँगर मागवा. गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर. तो बहुतेक मॉडेलचा वेगळा असतो, ऐनवेळी कुठल्याही दुकानात मिळेल असं नाही.

हवा किती? ६५-७० किलोच्या माणसाला ३५ मिमीच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर पुढे ३८, मागे ४२ पीएसआय. ट्यूबलेसला २८ आणि ३२. दगडाच्या कडेवर आपटून ट्यूबला समोरासमोर दोन चिरा पडल्या तर हवा कमी होती असं समजा. ॲल्युमिनियमची फ्रेम ताठ असते, ६० पीएसआय भरून जांभ्याच्या खडबडीत वाटेवर गेलात तर मनगटं बधिर होतील. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर या सायकलींच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही, त्यासाठी पितळी ॲडॉप्टर जवळ ठेवा आणि हवा थोडी थोडी भरायला सांगा. या टायरात जागा कमी, ट्रकच्या हिशोबाने भरली तर फुटतो.

काळ्या रानाच्या बांधांवर बाभळीचे काटे, वाळल्या वाटेवर सराटे. तिकडे नेहमी जाणार असाल तर ट्यूबलेसच करा. एका टायरला साधारण ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव), उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी बघून भर. ट्यूब वापरत असाल तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काट्याचं टोक आत राहिलेलं असतं, तेच पुन्हा पंक्चर करतं.

आता काळी माती. पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत शिरलात की पहिल्या शंभर-दीडशे मीटरमध्ये टायर दुप्पट जाड होतो. माती फोर्कच्या माथ्यात साठते, मागे चेनस्टेच्या बेचक्यात घट्ट बसते, त्यात पाचट आणि गवत मिसळलं की काथ्यासारखं वळतं. चाक जड झालं की माणूस जोर वाढवतो, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं. गोळा डिरेलरच्या पिंजऱ्यात शिरतो, चेन त्याला पुढे ओढते, हँगर पिळतो आणि डिरेलर आऱ्यांत जातो. त्यामुळे पॅडल जड लागलं की त्याच क्षणी थांबायचं. खाली उतरून काडीने माती काढायची, सायकल खांद्यावर घ्यायची, पुढे कडक जमीन लागेपर्यंत चालायचं. वाळलेली काळी माती आणखी वाईट. फ्रेमवर तशीच राहिली तर पुढच्या फेरीत पॉलिश पेपरसारखी रंग आणि धातू खरवडते. चेनस्टेच्या आतल्या बाजूला जाड पारदर्शक टेप लावून ठेवा.

खांद्यावर घेणं हे या सायकलीचं वैशिष्ट्यच आहे. उतरताना उजवा पाय मागून डावीकडे आणा, चेन आपल्या अंगापासून लांब राहते. उजवा खांदा फ्रेमच्या त्रिकोणात घाला, उजवा हात खालच्या नळीखालून पुढे नेऊन हँडलची डावी बाजू धरा. भाताच्या बांधावरून जायचं असेल तर हाच मार्ग, बांध चाकाने चिरला तर शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागतील, आणि त्या रास्त असतील. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून दगड होतात. त्यात चाक गेलं तर हँडल वळवून बाहेर काढायला जाऊ नका, सरळ चालवत चाकोरी उथळ होईपर्यंत थांबा.

तांबड्या मातीत चाक अडकत नाही, पण बारीक कण ब्रेकमध्ये शिरतात. भर पावसात कणकुंबीकडे जाऊन आलात तर ब्रेकचे रेझिनचे पॅड झपाट्याने झिजलेले दिसतील. पावसाळ्यापुरते मेटलचे पॅड घाला, पण आधी डिस्कवर (पॅड ज्या चकतीला दाबतात तिच्यावर) ‘फक्त रेझिन’ असं लिहिलेलं नाही ना हे वाचा. पत्र्यावरचा थर १ मिमीवर आला की पॅड बदला. नवे घातले की मोकळ्या रस्त्यावर २० किमीच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत १५-२० वेळा ब्रेक लावा, चाक जाम न करता. चोर्ला घाटात उतरताना ब्रेक धरून ठेवू नका, वळणाआधी जोरात लावून सोडा.

धुण्याबद्दल. गाड्या धुण्याच्या सेंटरवरची प्रेशरची नळी चाकाच्या मधल्या हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर मारली की ग्रीस बाहेर, पाणी आत. त्यापेक्षा बादली, मग, मऊ ब्रश आणि भांड्यांचा साबण पुरे. चेन क्विक लिंकने (उघडता येणाऱ्या जोडकडीने) काढा, प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं डिझेल घालून खळखळवा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. प्रत्येक कडीला एकच थेंब तेल, आणि बाहेरून पुसून घ्या. इंजिन ऑइल नको, तांबडी धूळ त्यात बसून घासणीचा मलम तयार होतो. डिझेलचा आणि तेलाचा हात डिस्कला लावू नका. ११ स्पीडची चेन झीज मोजायच्या गेजवर ०.५ टक्के दाखवायला लागली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) जाईल.

ॲल्युमिनियम गंजत नाही, हे अर्धसत्य आहे. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये पाणी राहिलं की पांढरी पूड धरते आणि भाग एकमेकांना चिकटतात. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, असा एकदा जाम झाला की फ्रेमसकट जातो. म्हणून तीन महिन्यांनी, पावसाळ्यात दर महिन्याला, सीटपोस्ट काढून पुसा, नवं ग्रीस लावा. कार्बनचा सीटपोस्ट असेल तर ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट. तो काढलाच आहे तर सायकल उलटी धरा. आतून पाण्याची धार आली तर आश्चर्य नको. बॉटम ब्रॅकेटखालचं छोटं भोक खराट्याच्या काडीने मोकळं करा. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्टही ग्रीस लावूनच बसवा, आवळताना २ ते ३ न्यूटन मीटर बस. स्टेम (हँडल धरणारा भाग) आणि सीट क्लॅम्प साधारण ५. त्यावर जो आकडा छापलेला असेल तोच खरा.

धुतल्यावर ओल्या फ्रेमवर नजर फिरवा. हेड ट्यूबचे (फोर्कचा दांडा जातो त्या पुढच्या नळीचे) जोड, सीट ट्यूबची चीर, बॉटम ब्रॅकेटभोवतीचं वेल्डिंग. केसासारखी रेघ दिसली तर तिच्या दोन्ही टोकांवर मार्करने खूण करा आणि एखाददुसरी जवळची, सपाट रस्त्यावरची फेरी झाली की पुन्हा बघा. रेघ खुणेच्या पुढे गेली असेल तर तो रंग नाही, तडा आहे. गेट-ग्रिल करणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो वेल्ड करून घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वापरतात त्या ६०६१ मिश्रधातूची ताकद उष्णता प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग मऊ पडतो आणि तडा थोडा बाजूला सरकून पुन्हा फुटतो. ती फ्रेम तिथेच थांबवायची, चाकं आणि ब्रेक दुसऱ्या फ्रेमला चालतील.