कोबीनंतर लावलेली हळद खुंटत होती, ती अशी सुधारली

लक्षण असं: उगवण चांगली, पण तीन-चार पानांवर वाढ थांबते. पानं निस्तेज, माती परीक्षणात मात्र स्फुरद (फॉस्फरस) भरपूर. डीएपी (स्फुरदाचं खत) वाढवून पाहिलं, कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची मुळाशी आळवणी केली, ह्युमिक (मुळांच्या वाढीसाठीचं द्रावण) सोडलं. पैसे गेले, हळद तिथंच.

मूळ कारण कोबी. कोबी-मोहरीच्या कुळातली पिकं मायकोरायझा या उपयोगी बुरशीला आपल्या मुळांवर थारा देत नाहीत. स्फुरद मुळापर्यंत पोचवणारी ही बुरशी जिवंत मुळांवरच जगते, म्हणून कोबीनंतर ती कमी उरते आणि मातीतलं स्फुरद हळदीला मिळत नाही.

उपाय याच क्रमानं करा. कोबी निघाला की मार्चमध्ये चवळी दाट पेरा. फुलावर आली की जमिनीलगत कापा, उपटू नका. मुळं आतच हवीत. रोटाव्हेटर खोल घालू नका, त्यानं बुरशीचे धागे तुटतात. गादीवाफ्यावर बेणं ठेवताना मायकोरायझा पावडर बेण्याला खालून लागेल अशी टाका. वर भुरभुरून काही होत नाही. डीएपी पूर्ण बंद, कार्बेन्डाझिमही. वाफ्याच्या कडेला पुन्हा चवळी, बुटकी. वेली जात हळदीवर चढते.

पांढरं जाळं शोधत बसू नका, ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बुरशी लागली का पाहायला रोप अलगद काढा: लागली असेल तर बारीक मुळांना माती चिकटून येते, झटकली तरी सहज सुटत नाही.