घरी मोटरसायकलची चेन बदलताय? या चुका टाळा

चेन बदलायला फार ताकद लागत नाही. या कामात क्रम सांभाळावा लागतो आणि जोड नीट बसवावा लागतो. क्रम चुकला तर अर्धा दिवस वाया जातो, पण जोड चुकला तर चेन धावत्या गाडीवर सुटते. सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी (चेन ज्यावर चढते त्या दातेरी चाकापाशी) गोळा झाली की इंजिनाचं केसिंग फोडते किंवा मागचं चाक जागीच जाम करते. म्हणून घाई अजिबात नको.

जुनी चेन आधी काढून टाकणं

सगळ्यात जास्त अडकायला होतं ते इथे. चेनसोबत स्प्रॉकेटही बदलायची असतात, म्हणून पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन चढलेली असतानाच सैल करायचा असतो. नटामागचं वॉशर वाकवलेलं असेल तर आधी ते सरळ करा. मग कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पान्याला जोर द्या. चेन उतरल्यावर ब्रेकचा काही उपयोग राहत नाही. मग दात्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून ओढाताण सुरू होते आणि त्यात केसिंगला तडा जाऊ शकतो.

चेन पूर्ण झाकलेल्या कव्हरमधून जात असेल तर जुन्या चेनच्या टोकाला नवी तात्पुरती जोडा आणि जुनी हळूहळू ओढून घ्या. नवी आपोआप योग्य वाटेने आत जाते. तसं जमलं नाही तर चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीच्या आणि गाइडच्या योग्य बाजूने गेली आहे ना, हे जोडण्याआधी बघा. जोडल्यावर लक्षात आलं तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

फक्त चेन बदलणं

चेन लांबते म्हणजे तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजतात, त्यामुळे दोन पिनांमधलं अंतर वाढतं. स्प्रॉकेटचे दातेही त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजतात. अशा दात्यांवर नवी चेन चढवली तर ती लवकर खराब होते. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला.

विकत घेताना चेनवर कोरलेला आकडा बघा. 428 चेनच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी असतं, तर 520, 525 आणि 530 चेनमध्ये 15.875 मिमी. शेवटचे दोन आकडे रुंदीचे. नवी चेन लांब असेल तर जुनीशेजारी ठेवून लांबी जुळवू नका, कारण जुनी झिजून वाढलेली असते. कड्या मोजा, आणि तोडण्याआधी पुन्हा एकदा मोजा. साध्या लॉकने (टोकं जोडणाऱ्या, क्लिपने बंद होणाऱ्या कडीने) जोडायच्या चेनमध्ये कड्यांची संख्या सम असते. रिव्हेटची (पिनेची टोकं दाबून पसरवलेली) चेन तोडताना पिनेचं डोकं आधी ग्राइंडरने सपाट करा, नाहीतर चेन कटरची पिन मोडते.

लॉक उलटं किंवा अर्धवट बसवणं

क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. गोंधळ होतो तो असा: वरच्या बाजूला चेन पुढे धावते, खालच्या बाजूला मागे. म्हणून लॉक वर असेल तर बंद टोक पुढे, खाली असेल तर मागे. खात्री वाटत नसेल तर चाक फिरवून लॉक वर आणा आणि मग बघा.

ओ-रिंगच्या (आतलं ग्रीस राखणाऱ्या रबरी रिंगांच्या) चेनमध्ये लॉकसोबत चार रबरी रिंगा येतात: दोन आतल्या बाजूला, दोन बाहेरच्या पट्टीखाली. सोबतचं ग्रीस पिनांना भरपूर लावा, कारण नंतर बाहेरून मारलेलं ऑइल त्या जागी पोहोचत नाही. बाहेरची पट्टी हातोडीने ठोकू नका, प्रेस टूलने सारखी दाबा. पिनांवरच्या खाचा पूर्ण उघड्या दिसल्या की क्लिप बसवा, आणि ती खाचेत टक्कन बसलीच पाहिजे. जुनी क्लिप पुन्हा वापरू नका.

रिव्हेटचं लॉक असेल तर शेजारच्या कडीची रुंदी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या साधनाने) मोजा आणि नवी कडी तेवढीच दाबा. जास्त दाबली तर ती वळत नाही आणि रिंगा चिरडतात. ताकदवान गाड्यांना क्लिपचं लॉक लावूच नये.

नवी म्हणून घट्ट ठेवणं

गाडीवर बसल्यावर मागचं सस्पेंशन दबतं आणि चेन आणखी ताणली जाते. स्टँडवरच ती तटतटीत असेल तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. किती ढिली ठेवायची तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. पुस्तिका सांगते त्याच स्टँडवर, खालच्या बाजूला मधोमध मोजा. चाक फिरवत चेन सर्वात घट्ट कुठे होते ते शोधा आणि तिथलं माप धरा. इंजिन बंदच हवं. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून चेन पुसताना बोटं तुटतात.

चाक सरळ आहे का हे फक्त स्विंगआर्मवरच्या खुणांवरून ठरवू नका, त्या नेहमी अचूक नसतात. स्विंगआर्मच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं (मागच्या चाकाच्या आसापर्यंतचं) अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. एक्सल नट आवळताना चेनचा ताण बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. कॉटर पिन (नट सुटू न देणारी पिन) नवीच घाला.

ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक प्लेटला धरणाऱ्या पट्टीचा नट विसरू नका. नव्या चेनमुळे चाक पुढे सरकतं, ब्रेक रॉड सैल पडतो आणि पेडल खोल जातं. रस्त्यावर निघण्याआधी ते जुळवा.

चालवल्यावर आवाज आला तर

वेगाबरोबर चढत जाणारा 'कूं' बहुधा जास्त ताणाचा असतो. ठराविक अंतराने टक्-टक् ऐकू आलं तर कडक कडी शोधा, पुढच्या स्प्रॉकेटवरून सुटताना ती वाकडीच राहते. मागच्या स्प्रॉकेटचे दाते एकाच बाजूने चकाकू लागले तर चाक तिरकं आहे. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर ताण थोडा सुटतोच. तेव्हा तो पुन्हा मोजा आणि क्लिप जागेवर आहे ना, हेही बघा.