एक्स्पोर्टच्या ऑफिसात काम करायचंय? आधी तासगावचा सौदा बघून या

बी.कॉम.ला आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर मी गाईडवर काढला. गॅट, डब्ल्यूटीओ, 1995, टिपा लिहा, झालं. मग सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ बेदाणा निर्यात करणाऱ्या एका पेढीत डॉक्युमेंटेशनला लागले. पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले, "अगं, कागद उद्या बघ. आज तासगावला जा."

बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, व्यापारी मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली धरतो आणि उरलेला खाली टाकतो. चालताना चपलेला बेदाणा चिकटत होता. शेजारी उभा असलेला शेतकरी भावाच्या बोलीपेक्षा त्या सांडलेल्या मालाकडेच बघत होता.

त्या भावात काबूलचाही हात असतो, हे मला पुढं समजलं. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारातल्या सवलतीमुळे अफगाणिस्तानचा बेदाणा आपल्याकडे बिनशुल्क येतो. इतर देशांच्या मालावर मात्र भरभक्कम आयात शुल्क आहे. मग चिनी माल अफगाणी म्हणून आत येतो, अशी तक्रार 2025 मध्ये आपल्या द्राक्ष बागायतदारांनी जोरात केली. पुस्तकात ‘रूल्स ऑफ ओरिजिन’, म्हणजे माल मूळ कुठल्या देशाचा हे ठरवायचे नियम, हा सगळ्यात कंटाळवाणा धडा होता. इकडं त्याच्यावर शेडमधल्या मालाचं वर्ष ठरतं.

नवीन असाल तर एचएस कोडपासून, म्हणजे मालाच्या प्रकाराला दिलेल्या आकड्यापासून, सुरुवात करा. ताजी द्राक्षं 0806 10, बेदाणा 0806 20. घड तोच, शेडमध्ये वाळला की कोड बदलला आणि त्याबरोबर शुल्क, नियम, सगळंच. पहिले सहा आकडे जगभर सारखे, आपल्याकडे आठ लिहितात. आयईसी (आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक), फायटो (मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) हे महिन्याभरात हाताखाली येतं, त्याची धास्ती नको.

धास्ती घ्यायची ती एलसीची, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या पैशांच्या हमीपत्राची. कागद त्याच्याशी जुळले तरच पैसे मिळतात. माझ्या तिसऱ्या महिन्यात इनव्हॉइसवर खरेदीदाराच्या नावातला ‘ट्रेडिंग’ शब्द राहिला. माल जहाजात, कागद बँकेत, आणि बँकेनं डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदातली तफावत, काढली. बोटीवर माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद सादर करावे लागतात, एलसीत वेगळी मुदत दिली नसेल तर. आमचे सतरा गेले होते. बँकेतला माणूस फोन उचलेना, म्हणून मी दोन दिवस त्याच्या काउंटरसमोर बसून होते. दुरुस्त कागद विसाव्या दिवशी गेले. दंडाचे पैसे शेठनी भरले, पण पुढचे सहा महिने प्रत्येक इनव्हॉइस मला मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. (अजूनही वाचते, एकटी असले तरी.)

डीजीएफटीची (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची) अधिसूचना रोज सकाळी चहाआधी उघडा. माझी मैत्रीण साखरेच्या व्यवहारात होती. 24 मे 2022 ला अधिसूचना निघाली आणि 1 जूनपासून साखर निर्यातीसाठी सरकारची परवानगी घेणं सक्तीचं झालं. तिच्या टेबलावर ठरलेले सौदे तसेच पडून राहिले. कारखाने तेच, ऊसही तोच.

पगार सुरुवातीला बेताचाच असतो. इंग्रजी जेमतेम असलं तरी चालतं, आकडे मात्र चुकायला नकोत. आणि रात्री साडेअकराला न्हावा शेवा बंदरातून सीएचएच्या (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटाच्या) पोराचा फोन आला तर उचला. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या कागदात, काहीतरी अडलेलं असतं आणि सकाळी बंदरात माल घ्यायचं गेट बंद होणार असतं.